आधी फेरे, मग कॅम: गिअर कधी टाकायचा, रनिंग कितीवर ठेवायची आणि कॅमला हात कधी लावायचा

गॅरेजमध्ये कॅमचा (इंजिनाचे वॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: "मेस्त्री, कुठला कॅम टाकू?" त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमचं इंजिन दिवसातला बहुतेक वेळ किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) फिरतं? हे सांगता येत नसेल तर कॅमवर पैसे घालू नका. सोलापुरात सात रस्ता ते आसरा चौक रोज ये-जा करणाऱ्याचं उत्तर वेगळं, दर आठवड्याला पुणे गाठणाऱ्याचं वेगळं, आणि टाकीवर पोरगं, मागे बायको बसवून पौर्णिमेला तुळजापूरला जाणाऱ्याचं आणखी वेगळं. तिघांनाही शेजारच्या पोराने टाकलेलाच कॅम हवा असतो, ही खरी अडचण.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी गिअर टाकायची सवय, मग रनिंगचे (एकाच वेगाला स्थिर चालवतानाचे) फेरे, मग चेनसेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट), आणि सगळ्यात शेवटी कॅम. पहिल्या दोन गोष्टी फुकटात होतात. बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

कागदावरचे दोन आकडे

गाडीच्या माहितीपत्रकात टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि पॉवर हे दोन आकडे असतात आणि प्रत्येकापुढे आरपीएम लिहिलेला असतो. लोक टॉर्क-पॉवरचा आकडा वाचतात, आपल्याला त्यापुढचा आरपीएम हवा. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घ्या: २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० वर, २०.२ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) पॉवर ६१०० वर. पल्सर १५०: १३.२५ न्यूटन-मीटर ६५०० वर, १४ पीएस ८५०० वर. स्प्लेंडर प्लस: ८.०५ न्यूटन-मीटर ६००० वर, साधारण ८ पीएस ८००० वर.

दोन्ही आकड्यांचं नातं सरळ गुणाकाराचं आहे. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की पॉवर पीएसमध्ये मिळते. क्लासिकला ४००० वर हे गणित लावलं तर १५.४ पीएस येतात. उलट बाजूने ६१०० वरचा टॉर्क काढला तर तो २३ च्या आसपास. म्हणजे ४००० च्या पुढे टॉर्क कमी होत गेला, तरी फेरे वाढत गेल्यामुळे पॉवर वाढतच राहिली. "टॉर्क संपला की गिअर टाकायचा" हे कट्ट्यावरचं ज्ञान इथेच चुकतं. टॉर्कचं शिखर ते पॉवरचं शिखर हा पट्टा इंजिनाचा कामाचा पट्टा: क्लासिकला ४००० ते ६१००, पल्सरला ६५०० ते ८५००. ओव्हरटेक आणि घाट इथे करायचे. रनिंग मात्र साधारण याच्या खाली ठेवायची.

फेरे मोजायचे कसे

आरपीएमचा काटा असेल तर सोपं आहे. पहाटे हैदराबाद रोडला बोरामणीच्या बाजूला जा, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४०, ५०, ६०, ७०, ८० असा एकेक वेग स्थिर धरा आणि प्रत्येक वेळी काटा वाचा. वाचून सांगायला मागे कुणीतरी बसवा, एका हाताने लिहायचा उद्योग नको. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, कारण गाडीचं मीटर बहुधा थोडं वाढवूनच दाखवतं. क्लच घसरत नसेल तर आकडे एका सरळ रेषेत येतात. ४० च्या दुप्पट वेगाला दुप्पट फेरे. आकडे वाकडेतिकडे आले तर आधी क्लच प्लेट बघा.

काटा नसेल तर गणित करा. टॉप गिअरचं एकूण गुणोत्तर, म्हणजे प्रायमरी (क्रँक ते क्लच), गिअर आणि चेनसेट या तिन्हींचा गुणाकार, गाडीच्या पुस्तकातून काढा. मागच्या टायरला खडूची खूण करून एक पूर्ण फेरी ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. स्वार बसलेला असताना मोजलं तर जास्त बरोबर येतं, टायर थोडा दबतो. समजा घेर २ मीटर आणि एकूण गुणोत्तर ६ आहे. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६६७ फेरे, म्हणजे इंजिनाचे ४०००. इतकंच. मग स्पीडोमीटरच्या काचेवर बारीक मार्करने खुणा करा: टॉप गिअरला अमुक वेगाच्या खाली जायचं नाही, चौथ्याला तमुकच्या खाली नाही. दिसायला भिकार दिसतं, पण आठवडाभरात कानाला सवय लागते आणि खुणा पुसून टाकता येतात.

आता दोन गिअरमधलं अंतर. स्थिर ५० वर चौथ्यात काटा वाचा, त्याच वेगाला पाचवा टाकून परत वाचा. पाचव्याचा आकडा भागिले चौथ्याचा आकडा: ०.८२ आला तर त्या गिअरला फेरे १८ टक्क्यांनी पडतात. प्रत्येक जोडीचा असा आकडा काढून ठेवा. पहिला-दुसरा या जोडीत पडझड सगळ्यात मोठी असते, वर वर जावं तशी कमी होते.

रनिंग कितीवर

माझा अदमास: ज्या आरपीएमला कमाल पॉवर आहे त्याच्या ५५ ते ७० टक्क्यांत रनिंग ठेवा. क्लासिकला हे ३३५० ते ४२५० बसतं, पल्सर १५० ला ४७०० ते ५९००, स्प्लेंडरला ४४०० ते ५६००. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे, तेव्हा तुमचा ८० चा आकडा या पट्ट्यात पडतो का, एवढंच बघायचं.

पल्सरवाला ५५०० बघून घाबरतो, "इंजिन फुटंल की!" फेऱ्यांच्या आकड्याला घाबरू नका, पिस्टनचा वेग बघा. स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर, मीटरमध्ये) याची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. क्लासिकचा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, ४००० वर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ११.४ मीटर. पल्सरचा स्ट्रोक ६०.७, तिथे हाच वेग यायला ५६५० फेरे लागतात. म्हणजे बुलेटवाला ज्याला "आरामात" म्हणतो आणि पल्सरवाला ज्याला "ताणून" म्हणतो, त्यात पिस्टनच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. कमाल पॉवरलाही दोघांचे पिस्टन सेकंदाला १७ मीटरच्या थोडं वरच धावतात.

आपल्याकडे उलटा रोग जास्त. अॅव्हरेजच्या नादाने ३५ वर पाचवा टाकून गाडी ओढत न्यायची. विजापूर रोडला सिग्नल सुटला की ऐका: गाडी गुरगुरते, फुटरेस्टमधून बारीक फटके पायाला लागतात, चेन गार्डला खडखडते, मूठ अर्ध्याच्या वर पिळलेली आणि वेग मात्र वाढत नाही. कमी फेऱ्यांवर जास्त रेस दिली की प्रत्येक स्फोटाचा दणका क्रँकच्या बेअरिंगवर, क्लचच्या रबरांवर आणि चेनवर जातो. ऑइल पंप क्रँकवरच चालतो, म्हणजे फेरे कमी असतील तर तेलही कमी फिरतं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, एअर-कूल्ड इंजिनावर याची भर पडली की नॉकिंग सुरू होतं: टाकीखालून खडे हलवल्यासारखा कडकड आवाज. तो आला की मूठ सोडा आणि एक गिअर पाडा. महाग पेट्रोल टाकून तो आवाज झाकू नका.

खालची हद्द शोधायची चाचणी सोपी आहे. टॉप गिअरमध्ये एका वेगावर मूठ हळूच एक चतुर्थांश पिळा. गाडी झटका न देता वेग घेत असेल तर तुम्ही हद्दीच्या वर आहात. आधी हुंकार, मग विचार, मग वेग असं होत असेल तर खाली आहात.

वारा विसरू नका. उन्हाळ्यात दुपारी मोहोळच्या पुढे उघड्या माळावर समोरून वारा लागला की रोजचा ८० सुद्धा जड जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० चा वारा समोरून असेल तर ८० वर गाडीला १०० ची हवा कापावी लागते, विरोध दीडपटीच्या वर. अशा वेळी टॉप गिअरचा हट्ट सोडून एक खाली या, किंवा ७० वर समाधान माना. चौथ्यात ७० वर चालवल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही.

गिअर कधी टाकायचा

गावात, निवांत चालवताना नियम एकच: नवा गिअर पडल्यावर फेरे खालच्या हद्दीच्या आत येता कामा नयेत. हद्द ३००० असेल आणि त्या जोडीचा आकडा ०.७८ असेल, तर ३००० भागिले ०.७८, म्हणजे ३८५० च्या आधी गिअर टाकायचा नाही. पहिल्या-दुसऱ्याला मूठ हलकी असेल तर हद्द थोडी खाली चालते, कारण लोड कमी असतो. ट्रिपल सीट असाल तर ही सवलत नाही. (ट्रिपल सीट कायद्यातही बसत नाही, पण गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला उभं राहून बघा.)

पूर्ण पिकअप हवा असेल तेव्हा हिशेब बदलतो. एका विशिष्ट वेगाला चाकावर मिळणारा जोर हा त्या क्षणी इंजिन किती पॉवर देतंय त्यावर ठरतो. म्हणून जुन्या गिअरमध्ये उरलेली पॉवर आणि नव्या गिअरमध्ये मिळणारी पॉवर सारखी होते तिथे बदलायचं, आणि ही जागा पॉवरच्या शिखराच्या थोडी पुढे असते. पल्सर ८५०० ला असताना २० टक्के पडझड झाली तर काटा ६८०० वर येतो आणि १४ ची पॉवर साधारण साडेबारावर उतरते. तीन-चारशे फेरे आणखी ओढलं तर नवा गिअर पॉवरच्या चढावर जास्त वर पडतो. लाल पट्ट्यात मात्र शिरायचं नाही. आणि ४००० ला गिअर टाकून "पिकअप नाही" म्हणणाऱ्याला कुठलाच कॅम वाचवू शकत नाही.

तिसरी वेळ ओव्हरटेकची. उसाच्या हंगामात मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोर येतो. मागे दिवा नाही, बाजूला ऊस लोंबतोय, रस्त्यावर पाचट. इथे टॉपमध्येच मूठ पिळून शेजारी अर्धा मिनिट लटकत राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मागे अंतर ठेवूनच गिअर पाडा, असा की काटा टॉर्कच्या शिखराजवळ यावा. क्लासिकला ४००० च्या आसपास, पल्सरला ६५००. रस्ता मोकळा दिसला की निघा, पॉवरच्या शिखरापर्यंत ओव्हरटेक उरकलेला असतो, मध्ये गिअर टाकायची वेळ येत नाही. तुळजापूरच्या घाटालाही हेच. चढ लागल्यावर गाडीचा दम तुटेपर्यंत थांबू नका, वळणाच्या आधी एक पाडून घ्या.

चेनसेट: अर्धं उत्तर इथेच

८० वर फेरे पट्ट्याच्या बाहेर जात असतील तर आधी स्प्रॉकेट बघा. पुढचं १४ दातांचं आणि मागचं ४२ चं असेल तर गुणोत्तर ३. पुढचं १५ केलं तर २.८, म्हणजे त्याच वेगाला फेरे साडेसहा टक्के कमी. ४५०० चे ४२०० होतात. बदल्यात चढावर आणि डबल सीटला थोडी ओढ कमी होते. १३ केलं तर उलटं. मागचं स्प्रॉकेट बदलून बारीक फरक करता येतो, कारण तिथला एक दात अडीच टक्क्यांच्या आतबाहेर असतो. पुढचं मोठं करताना कव्हरला चेन घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून बघा. काही गाड्यांत स्पीडोमीटर पुढच्या स्प्रॉकेटच्या बाजूने वाचतो, तिथे मीटर चुकीचं दाखवायला लागतं.

आणि हेड उघडायच्या आधी टॅपेट (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप) बघा. गॅप जास्त असेल तर वॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, आणि टकटक ऐकू येते. गॅप कमी असेल तर आवाज मस्त शांत असतो पण वॉल्व्ह नीट बसत नाही आणि एक दिवस जळतो. इंजिन थंड असताना, पुस्तकातल्या मापाने, फीलर गेजने. सोबत एअर फिल्टर. इथल्या धुळीत पुस्तकात दिलेल्या मुदतीची वाट बघू नका. "कॅम टाकायचाय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या या दोन गोष्टींवरच परत जातात.

आता कॅम

फोर-स्ट्रोकमध्ये कॅम क्रँकच्या अर्ध्या गतीने फिरतो आणि इनलेट-एक्झॉस्ट वॉल्व्ह (हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे) कधी, किती आणि किती वेळ उघडायचे ते ठरवतो. (आरएक्स १०० ला कॅम नसतोच, ती टू-स्ट्रोक, तिथे पोर्ट हे काम करतात. तरीही "आरएक्सला कॅम टाका" म्हणणारे भेटतात.) किती वर उचलतो ती लिफ्ट, किती अंश उघडा ठेवतो ती ड्युरेशन, आणि दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तो ओव्हरलॅप.

पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: इनलेट कधी मिटतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनलेट काही अंश उघडा ठेवलेला असतो. फेरे जास्त असताना आत धावणाऱ्या हवेला जोर असतो, ती थांबत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात जागा संपली तरी मागचा लोंढा आत घुसतच राहतो, तसं. फेरे कमी असतील तर तोच उघडा दरवाजा नडतो. वर येणारा पिस्टन भरलेली हवा परत बाहेर ढकलतो. इनलेट समजा ४० अंशांऐवजी ५५ ला मिटायला लागला, तर वरच्या फेऱ्यांवर सिलिंडर जास्त भरतो, खालच्यांवर कमी. म्हणून "मोठा" कॅम टॉर्कचं शिखर उजवीकडे सरकवतो, आयडलिंग अडखळतं आणि गावातली ओढ जाते. वर मिळालं ते खालून काढलेलं असतं.

शोरूममधल्या गाड्यांतच हे दिसतं. होंडाची हायनेस ३५० आणि क्लासिक ३५० जवळजवळ एकाच मापाच्या. हायनेस ३० न्यूटन-मीटर ३००० वरच देते आणि ५५०० ला पॉवर संपवते. क्लासिक ४००० वर २७, पण ६१०० पर्यंत जाते. जुनी ३७३ सीसीची ड्यूक ३९० थेट ७००० वर ३७ देते. फरक एकट्या कॅमचा नाही, बोअर-स्ट्रोक, वॉल्व्हची संख्या, इनलेटचा मार्ग सगळं आलं; पण कॅम या सगळ्याशी जुळवूनच निवडलेला असतो. यामाहाने आर१५ मध्ये इनलेटला दोन वेगळे कॅमचे उंचवटे दिले आणि सात हजारांच्या पुढे दुसऱ्यावर जायची सोय केली, कारण एकच उंचवटा दोन्हीकडे पुरत नाही.

इंटरनेटवरचा कॅमचा बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या मोठ्या हार्ले व्ही-ट्विनचा असतो. ती इंजिनं दीड-पावणेदोन लिटरच्या पुढची, महामार्गावर अडीच-तीन हजारांवर फिरणारी. तिथला "टूरिंग कॅम" आणि तुमच्या साडेतीनशेच्या सिंगलला लागणारा कॅम यांचे आकडे जुळवायला जाऊ नका. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे: ते आधी रनिंगचे फेरे सांगतात, मग कॅम निवडतात.

विकणारा कॅमचा कामाचा पट्टा सांगतो, उदाहरणार्थ ३५०० ते ७०००. तुमची रनिंग या खालच्या आकड्याच्या किमान ५०० फेरे वर असली पाहिजे. ८० वर तुमचे ३७०० होत असतील तर हा कॅम तुमच्यासाठी नाही, शेजाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी. पट्टाच सांगत नसेल, नुसतं "पावरफुल आहे साहेब" म्हणत असेल, तर तिथून निघा. दोन कॅमची ड्युरेशन ताडताना दोन्ही एकाच लिफ्टवर, समजा १ मिलिमीटरवर, मोजलेल्या आहेत का हे विचारा. शून्यापासून मोजलेला आकडा कायम मोठा दिसतो. आणि दोन कॅममध्ये अडकलात तर लहान घ्या.

नुसता कॅम टाकून भागत नाही. इनलेट उशिरा मिटला की प्रत्यक्षात दाबली जाणारी हवा कमी होते, म्हणून मोठ्या कॅमला कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. वॉल्व्ह स्प्रिंग वरच्या फेऱ्यांना पुरली पाहिजे. २०२० च्या बीएस-६ नंतरच्या फ्यूल इंजेक्शनच्या गाड्यांना ईसीयूचं (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग लागतं, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना जेट बदलावे लागतात. वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय फेरफार चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते. हे सगळं धरून हिशेब करा.

तरीही टाकायचाच असेल तर बसवताना समोर उभे राहा. पिस्टन टॉपला आहे हे नुसत्या खुणेवर सोडू नका, डायल गेज लावून पाहायला सांगा. टायमिंग चेनचा एक दात चुकणं म्हणजे किती? कॅम स्प्रॉकेटला ३४ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा आणि क्रँकचे २१ अंश. गाडी चालूही होईल आणि तुम्ही कॅमला शिव्या देत बसाल. लिफ्ट वाढली असेल तर वॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही ना, हे पिस्टनवर पोरांच्या खेळण्यातला क्ले चिकटवून, टॅपेट लावून, इंजिन स्पॅनरने हळूहळू दोन फेरे फिरवून बघतात. हेड परत काढून क्ले ब्लेडने कापला की सगळ्यात पातळ जागेची जाडी म्हणजे तुमचं अंतर. किती हवं ते कॅम बनवणाऱ्याने दिलेलं असतं. हातानं फिरवताना कुठेही अडलं तर जोर लावायचा नाही आणि सेल्फ तर मारायचाच नाही.

कॅम टाकण्याच्या आधी एक चाचणी करून ठेवा: सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ४५ वरून मूठ पूर्ण पिळून ७५ पर्यंत किती सेकंद लागतात, जाताना आणि येताना दोन्ही दिशांना, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो. कॅम बसल्यावर, टायमिंग आणि मॅपिंग झाल्यावर, त्याच रस्त्यावर तितकंच वजन घेऊन परत. सेकंद वाढले असतील तर आवाज कितीही भारी येवो, तुमच्या वापराला तो कॅम चुकला. जुना कॅम रॉकरसकट तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणा. गॅरेजमध्ये ठेवलात तर चार महिन्यांनी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत असतो.